सात नंबरच्या झाडाची तिसरी प्रत

पाइनच्या त्या बागेत उंच झाडांवर चढून शंकू उतरवण्याचे काम ज्यांनी एकतीस वर्षे व्रतासारखे सांभाळले, त्यांना सगळे खारकाका म्हणत. देवाकडून शेपूट तेवढे द्यायचे राहिले, असे त्यांची बायको म्हणे. काकांचा नेम एकच. एक झाड, एक पिशवी, झाडाच्या नंबराची एक चिठ्ठी. पहिल्या पिशवीचे तोंड बांधल्यावाचून दुसरीला स्पर्श नाही. नामस्मरणात मन एकाग्र ठेवावे, तसे.

शंकूंतले बी प्रयोगशाळेत जाई. तिथल्या बाई पाइनच्या जनुकांचा नकाशा काढत होत्या. भगवंताची बारकाई पाहा. पाइनच्या बीत अंकुराभोवती जो पांढरा गर असतो, तो निव्वळ आईचा, म्हणजे ज्या झाडावर शंकू लागला त्याचा. बापाचा त्यात कणही नाही. आईजवळ जनुकांतल्या प्रत्येक खुणेच्या दोन प्रती, आणि प्रत्येक बीच्या गरात त्यांतली एकच. शेकडो बियांत कोणत्या खुणा वारंवार जोडीने उतरतात ते मोजायचे. ज्या जोडीने येतात, त्या गुणसूत्राच्या धाग्यावर शेजारी.

सात नंबरच्या झाडाने मात्र घोळ घातला. सगळ्या बियांत मिळून जिथे दोनच प्रती असायच्या तिथे तिसरी दिसली. बाईंनी तपासणी पुन्हा केली, पुन्हा तेच. मग काकांना बोलावून, नजर खाली ठेवून, पिशवीत दुसऱ्या झाडाचे बी मिसळले का, असे त्यांनी विचारले. तसे असेल तर चढणे बंद, यापुढे बसून बी सोलायचे, असा वरिष्ठांचा निरोप होता.

नाही म्हणण्याआधी काका शंकू काढल्याचा दिवस आठवू लागले. त्या दिवशी वारा होता. चिठ्ठी आधी लिहिली की नंतर? एकतीस वर्षांचा नेम एका दुपारी गळून पडला असेल? मी हल्ली विसरतो का, असे त्यांनी घरी बायकोला विचारले. तुम्ही मला विसरता, पिशवीला नाही, असे ती म्हणाली. याने धीर आला की होता तोही गेला, हेच त्यांना उमगेना.

सकाळी बाईंना घेऊन ते झाडापाशी गेले आणि तो दिवस हाताने चाचपू लागले. इथे शिडी टेकली. या फांदीवर पाय ठेवला. इथलेच शंकू आधी काढले. हात बुंध्यावरच्या जाड गाठीवर आला आणि थांबला. झाड कलमी होते. गाठीच्या वर निवडक झाडाची काडी, खाली भलत्याच रोपाचा खुंट. आणि ती फांदी गाठीखालून फुटलेली.

"बाई, पिशवी एकच होती," काका हळूच म्हणाले. "झाडंच दोन आहेत."

"खुंटाची फांदी छाटायची असते ना, काका? ठेवली कोणी?"

"मीच. चढताना पायाला बरी पडायची."

बाईंना हसावे की रागवावे कळेना. चूक काकांचीच होती. पण जिचा आळ आला होता ती नव्हे. आणखी किती झाडांवर अशी फांदी ठेवली आहे, असे त्यांनी विचारले. काका बोटांवर मोजू लागले, मध्येच विसरले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. ती झाडे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. वरिष्ठांच्या निरोपाचे उत्तर बाईंनी नंतरवर ठेवले. त्यांनी शिडी धरली आणि काका चढले.