साडूचा नकाराधिकार

अमेरिकेची राज्यघटना अमेरिकेपेक्षा जास्त निष्ठेने कुठे पाळली जात असेल, तर सिडनीतल्या स्कोफिल्ड्समध्ये, माझ्या साडूच्या घरी. पुण्यात असताना हा गृहस्थ कित्येक वर्षं अमेरिकेच्या व्हिसासाठी ताटकळला. तिकडच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्नसुद्धा त्याने तेवढ्या काळात पाठ करून टाकले, आणि व्हिसा आला तो ऑस्ट्रेलियाचा. एवढा अभ्यास वाया कसा घालवायचा? म्हणून तो घरातच राष्ट्राध्यक्ष झाला. माझी मेहुणी म्हणजे सिनेट आणि त्यांची एकुलती एक मुलगी, सई, म्हणजे खालचं सभागृह. दोघींनी ठराव मंजूर केला आणि याने सही केली तरच घरातले पडदे बदलतात. डब्यातला शेवटचा लाडू कोणी खाल्ला असं विचारलं, तर हा स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क सांगतो, तोही भरल्या तोंडाने. मला त्याने सर्वोच्च न्यायालय नेमलंय, तहहयात. अक्कल बघून नव्हे. मी मागच्याच गल्लीत राहतो आणि जेवायला कधीही हजर असतो म्हणून.

यंदा सईला वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला तिथेच राहायचं होतं. तिने रीतसर ठराव लिहिला, आईने मंजूर केला, आणि एका सोमवारी तो बाबाच्या हातात पडला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तो परत आला. खाली लिहिलं होतं, ‘नामंजूर. रोज ट्रेनने ये-जा कर.’

सई डगमगली नाही. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं की राष्ट्राध्यक्षाचा नकार रद्द होतो, हे बाबानेच तिला लहानपणी शिकवलेलं. आता एका माणसाचं दोन-तृतीयांश म्हणजे अख्खा माणूसच. शनिवारी जेवणं झाल्यावर तिने मतदान घेतलं. तिचा हात वर गेला. मेहुणीचा मांडीवरच राहिला.

“आई, यू सेड येस,” एवढंच म्हणून सई वर खोलीत निघून गेली.

मेहुणी ताटांकडे बघत म्हणाली, “मी हो म्हटलं, कारण मला वाटलं हा अडवेलच.”

साडू म्हणाला, “आणि मी अडवलं, कारण वाटलं, तू मला हरवशीलच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोच कागद घेऊन माझ्या दारात. म्हणाला, राष्ट्राध्यक्षाविरुद्ध तक्रार आहे. राष्ट्राध्यक्षाने ठरावावर दहा दिवसांत सही केली नाही किंवा तो परतही पाठवला नाही, तर त्याचा आपोआप कायदा होतो. याने अकरा दिवस लावले. मी आयुष्यात पहिल्यांदा न्यायाधीशासारखा वागलो आणि बोटं मोजली. म्हटलं, “अरे, तुझ्या घटनेत रविवार धरत नाहीत ना? मग दहाच होतात. तुझा नकार वेळेत आहे.”

स्वल्पविराम चुकला म्हणून पडद्यांचा ठराव दोनदा परत पाठवणारा हा माणूस माझ्या दारातल्या चपला सरळ करू लागला.

“या खेपेला धर रविवार,” तो म्हणाला.

मी धरला. टेकू म्हणून कागद त्याच्याच पाठीवर ठेवून निकाल लिहिला. पाठ सारखी हलत होती. सईने तो निकाल वॉलॉंगॉंगच्या खोलीत भिंतीवर लावलाय, आणि काकाचं अक्षर किती वाईट आहे ते मैत्रिणींना दाखवत असते.