मंकी कॅपमधली ओटी

चंद्रकांत देवस्थळी मूळचा सोलापूरचा. टँकर आला की घागरी घेऊन धावायचं, अशा गल्लीत वाढलेला. त्याला शिडाच्या होडीचं वेड लागलं ते बँकेने भोपाळला बदली केली तेव्हा. तिथल्या मोठ्या तलावावर तो होडी चालवायला शिकला आणि पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे आधी पाणी कुठे आहे ते बघायला लागला. त्याची बायको शकुन मात्र आधी शाळा कुठे आहे ते बघायची.

शकुन गणिताची शिक्षिका. शिकवायची हातोटी अशी की आकड्यांना घाबरणाऱ्या मुली तिच्या तासाला पुढच्या बाकासाठी भांडत. पण बदलीचा हुकूम नवऱ्याच्या नावावर यायचा आणि नोकरी बायकोची जायची. भोपाळला तशी गेली, गुवाहाटीला गेली, विशाखापट्टणमला तर नुकती कायम झाली होती, तीही गेली. शाळेत सांगायला चंद्रकांत स्वतः जायचा. बँकेचे साहेब आले म्हटल्यावर मुख्याध्यापक चहा मागवायचे, दोघं पुरुष हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि तो चहा संपेपर्यंत शकुनची नोकरी संपलेली असायची. आपण बायकोचं अवघड काम हलकं करतो, असं त्या भल्या माणसाला मनापासून वाटे. भल्या माणसांवर रागावता येत नाही, हीच तर पंचाईत असते. शकुनने तो राग इतकी वर्षं गिळला होता.

शेवटची बदली कलकत्त्याची. इथेच तो निवृत्त झाला, डमडमला फ्लॅट झाला, मुलगी चैत्राली शिकून बंगळुरूला गेली. शकुनला बागबाजारातल्या एका जुन्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. भिंतींना ओल, पंखे कुरकुरणारे, पण शाळा जिवंत. तिचं बंगाली ऐकून मुली पहिल्या वर्षी खुदुखुदु हसल्या आणि दुसऱ्या वर्षी तिला शकुनदी म्हणू लागल्या. यंदा पूजेच्या सुट्टीआधी मोठ्या बाईंनी, म्हणजे सगळ्या शाळेच्या बडदींनी, तिला बोलावून सांगितलं, की सकाळच्या विभागाच्या प्रमुख उन्हाळ्यात निवृत्त होतायत, त्यांच्या जागी तुम्ही. साठी जवळ आलेल्या शकुनच्या पदरात पहिल्यांदाच एखादी शाळा पडत होती. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा चंद्रकांत म्हणाला, "अरे वा," आणि परत नकाशात डोकं घातलं.

कारण त्याच्या डोक्यात तेव्हा समुद्र होता. कलकत्त्याच्या थंडीत धूर खाली बसतो आणि चंद्रकांतला खोकला धरतो. जरा गारवा पडला की कानटोप्या चढवणाऱ्या बंगाली मंडळींना तो पहिल्या वर्षी हसला होता. आता डिसेंबर ते फेब्रुवारी त्याच्या स्वतःच्या डोक्यावरून चॉकलेटी मंकी कॅप उतरत नसे. हिवाळ्यात ऊब हवी, खोकला नको, रोज होडी काढता यावी आणि घराच्या पायरीशी पाणी हवं, असा किनारा तो शोधत होता. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असे आणि शकुन कडेने ताटं मांडत असे. पुरीचा समुद्र फार दांडगा. इकडच्या किनाऱ्याला वादळांची धास्ती. गोव्यात गर्दी. शेवटी त्याचं बोट कारवारवर थांबलं. हिवाळ्यात समुद्र शांत, नदीच्या मुखाशी आडोसा, दुपारचा वारा शिडाला पुरेसा.

"आणि पावसाळ्यात काय करायचं तिथे?" तिने एकदा आमटी वाढता वाढता विचारलं.

"होडी वर ओढायची. वरून ताडपत्री. माडाला घट्ट बांधून ठेवायची, काही होत नाही तिला."

"आणि माझं?"

"तुझं काय? तू घरातच असशील की," तो हसत म्हणाला. त्याला ती थट्टा वाटली. होडीसाठी त्याच्याकडे ताडपत्रीपर्यंत सगळी तयारी होती. बायको कुठल्या माडाला बांधायची, एवढंच ठरवायचं राहिलं होतं, आणि तेही त्याने मनात ठरवून टाकलं होतं असं पुढे कळलं.

कळलं ते निर्मलाताईंच्या हळदीकुंकवात. डमडमच्या आसपास मोजकीच मराठी घरं. कोणी बँकेतलं, कोणी सरकारी, कोणी कंपनीतलं, आणि सगळेच आज ना उद्या जाणारे. म्हणून या मंडळींनी आपली एक रीत पाडली होती. ज्या घराची बदली झाली असेल त्या घरच्या बाईची संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्याजणींनी मिळून ओटी भरायची. शकुनने स्वतः कितीतरी जणींच्या भरल्या होत्या. भरताना दोघींचे डोळे भरून यायचे आणि पुढच्या महिन्यात ते घर रिकामं व्हायचं.

त्या दिवशी पुरुष गॅलरीत बसून तिळाच्या वड्या खात होते. बायकांना हळदकुंकू लावून झालं आणि निर्मलाताईंनी मधोमध पाट मांडला. "शकुन, ये. बस."

शकुनला वाटलं, दुसऱ्या कोणासाठी मदतीला बोलावतायत. ती उठली तर नूपुरने, कंपनीतल्या नव्या पोरीने, तिचा हात धरून तिलाच पाटावर बसवलं. "काकू, तुम्ही गेलात की मला इथे कोण?" म्हणून ती पोर रडायलाच लागली.

"कुठे गेले की?"

निर्मलाताई गोंधळल्या. "कारवारला. मार्चमध्ये निघताय ना? चंद्रकांतरावांनी परवा फोन करून सांगितलं."

शकुनच्या पदरात तोवर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि नारळ येऊन पडले होते. ओटी नाकारता येत नाही. आपल्या आयुष्याचं काय ठरलं ते आपल्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक आहे, ही गोष्ट तिला नवी नव्हती. पण आज तिच्या अंगाची लाही लाही झाली. भोपाळ, गुवाहाटी, विशाखापट्टणम, सगळ्या शाळांचा राग एकदम वर आला. ती पदर दोन्ही हातांनी सांभाळत उठली आणि थेट गॅलरीत गेली.

चंद्रकांत तोंडात वडी धरून बघत राहिला.

"अहो, टोपी काढा."

"काय?"

"टोपी काढा डोक्यावरची. अशी धरा."

बँकेत शेकडो माणसांवर साहेबी केलेल्या त्या माणसाने निमूटपणे मंकी कॅप काढली आणि ओंजळीत धरली. शकुनने आपल्या पदरातले तांदूळ तिच्यात ओतले. वर हळकुंड, सुपारी, खण. शेवटी नारळ ठेवला तेव्हा टोपी खाली ओढली गेली.

"जाणारे हे आहेत," ती बायकांकडे वळून म्हणाली. "ओटी यांची भरायची होती. मी इथेच आहे, नूपुर. डोळे पूस."

टॅक्सीत चंद्रकांत मांडीवर ती टोपी घेऊन बसला होता. चारचौघांत अपमान झाल्याने त्याचे कान लाल झाले होते. "तुलाच सोपं जावं म्हणून करतो मी," तो म्हणाला. "शाळेतही परवाच फोन करून सांगून टाकलं. तुला वाईटपणा घ्यायला नको."

शकुनने टॅक्सी थांबवली. ती उतरली आणि घरापर्यंत चालत गेली. वाटेत तिने नवऱ्याला जे जे म्हणून सुनावलं ते फक्त डमडमच्या कुत्र्यांनी ऐकलं, आणि घरी पोचून तेच सगळं तिने त्यालाही ऐकवलं, एकही शब्द न गाळता. त्याने एकदाच मध्ये तोंड उघडलं. "पण मी एकटा कसा राहू तिथे?"

"होडीचा विचार केलात तसा स्वतःचाही करा," ती म्हणाली.

सोमवारी ती शाळेत गेली. नोकरी गेली असणार, हे ती धरूनच चालली होती. प्रत्येक वेळी गेली होती. बडदी खिडकीशी उन्हात शाल गुंडाळून बसल्या होत्या.

"तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता," त्या आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या. "म्हणाले, तुम्ही मार्चमध्ये सोडताय. मी विचारलं, त्या कुठे आहेत? म्हणाले, वर्गावर असतील. मी म्हटलं, मग त्यांनाच येऊन सांगू दे. नोकरी तुमची आहे का त्यांची?"

शकुन खुर्चीत बसली. इतक्या शाळा झाल्या, इतके कप चहा झाले, पण एवढा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिनेही नाही. तिला आता राग आला तो स्वतःचा, आणि तो नवऱ्यावरच्या रागापेक्षा कडू होता.

"मी सोडत नाहीये," ती म्हणाली.

"बरं," बडदी म्हणाल्या, "मग जा, घंटा झाली."

चंद्रकांत महिनाभर घुम्यासारखा वागला. चैत्रालीला फोन करून त्याने बायकोची तक्रार केली. "बाबा, तुम्ही आईला विचारलं होतं?" असं तिने तुटक मराठीत म्हटल्यावर तीही वाट बंद झाली. शेवटी कारवारला घर विकत घेण्याचं बारगळलं. नोव्हेंबर लागताच तो एकटाच कारवारला गेला, कोणाच्या तरी घराची पाण्याकडची खोली हिवाळ्यापुरती घेऊन. निघताना बॅग त्याने स्वतः भरली. शकुन भरू लागली नाही, की स्टेशनवरही गेली नाही. सकाळच्या विभागाची प्रार्थना चुकवता येत नव्हती.

डिसेंबरात एका सकाळी त्याचा फोन आला. मागे पाण्याची चुबुकचुबुक ऐकू येत होती. खोकला नव्हता.

"शकुन, इथे इतकं सुरेख आहे. तू असतीस तर." मग तो म्हणाला, "सुट्टीत येशील का? म्हणजे, विचारतोय मी."

हे वाक्य तिने तीस वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं. बाहेर पटांगणात मुली रांगा धरून उभ्या होत्या.

"बघते," ती म्हणाली. "ठरलं की मी सांगेन."