सहस्रबुद्ध्यांची अंडी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पद्माकर सहस्रबुद्ध्यांना काढून टाकलं, ही बातमी मला अंड्यांवरून कळली.

घाबरू नका, खरी नोकरी शाबूत होती. ड्रेस्डेनच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात ते पूर्वीसारखेच सकाळच्या गाडीने जात आणि संध्याकाळच्या गाडीने बाउत्सेनला परत येत. गेली ती बुधवारची नोकरी, बिनपगारी, शाळेतली. पण पगाराच्या नोकरीसाठीही माणूस इतका उतरत नाही.

आधी अंड्यांचं सांगते. आमचं बाउत्सेन हे पूर्व जर्मनीतलं, सोर्ब लोकांचं गाव. जर्मन इथे वसायच्या आधीपासून हे लोक इथे आहेत. त्यांची भाषा वेगळी, गावातल्या पाट्यासुद्धा दोन भाषांत. ईस्टरच्या आधी हे लोक अंडी रंगवतात. हंसाचं पीस टोकाशी कापायचं, वितळलेल्या मेणात बुडवायचं आणि अंड्यावर ठसे उमटवायचे. मग रंग, पुन्हा मेण, पुन्हा रंग, आणि शेवटी मेणबत्तीजवळ धरून मेण पुसून घ्यायचं. हे करण्याआधी अंड्याला भोक पाडून आतलं सगळं फुंकून काढावं लागतं. ते आतलं यायचं माझ्याकडे, कारण वरची वसुधा अंड्याला शिवत नाही, आणि तिच्या नवऱ्याला टाकून देववत नाही. दर बुधवारी पद्माकरराव डबा घेऊन दाराशी हजर. "वहिनी, घ्या." डब्याबरोबर शाळेची सगळी बातमी. आमच्या श्रीधरनी त्या हिवाळ्यात एवढी भुर्जी खाल्ली की ते बुधवारी मुद्दाम उशिरा यायला लागले.

तर इथल्या सोर्बियन शाळेतल्या मुलांनी एक कंपनी काढली होती. शाळेतल्या शाळेत, पण खरीखुरी, संचालक वगैरे असलेली. नाव 'प्येर्को', म्हणजे छोटं पीस. अंडी रंगवायचा सगळा सरंजाम एका खोक्यात घालून विकायचा: पिसं, मेण, रंग आणि कृतीचं पत्रक. हान्का नावाची सतरा वर्षांची मुलगी संचालक, आणि यूरी नावाचा लांबोडका मुलगा विक्रीप्रमुख. अशा कंपनीला बाहेरचा एक जाणकार सल्लागार असतो. त्याला इथे पाटे म्हणतात, म्हणजे धर्मपिता. चर्चमधल्या बारशाला बाळाचा असतो तोच. आमचे पद्माकरराव प्येर्कोचे पाटे झाले.

का झाले, ते मला ठाऊक आहे. कारखान्यात त्यांना सगळे 'हेर एस', म्हणजे श्रीयुत एस, म्हणतात, कारण सहस्रबुद्धे म्हणता म्हणता जर्मन माणसाची जेवणाची सुट्टी संपते. पण पहिल्याच बुधवारी यूरीने उभं राहून "हेर सहस्रबुद्धे" असं खणखणीत म्हटलं. ज्यांच्या स्वतःच्या भाषेत शब्द सुरू होतानाच व्यंजनांची चेंगराचेंगरी असते, त्यांना सहस्रबुद्धे काय जड! त्या संध्याकाळी माणूस जिना चढताना गुणगुणत होता. घरात तर काय, लेक ईप्सिता शिकायला कोलोनला गेलेली. फोनवर बापाने मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. बुधवार म्हणजे त्यांच्या आठवड्यातलं गोड जेवण झालं होतं.

मग आली स्पर्धा. सगळ्या राज्यातल्या शाळांच्या कंपन्या ड्रेस्डेनला जमणार, परीक्षकांपुढे आपापला धंदा मांडणार. मुलांनी आपलं सादरीकरण तयार केलं होतं. हाताने काढलेली चित्रं, यूरीच्या आजीचा छोटा व्हिडिओ, आणि खोक्यावर वर सोर्बियन, खाली जर्मन. पद्माकररावांनी ते शुक्रवारी पाहिलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला.

आता मला सांगा, आपल्याकडच्या शाळेच्या प्रदर्शनात मुलाने केलेला ज्वालामुखी कोणी पाहिलाय का? बाप थर्माकोल कापतो, आई रंग देते, आणि चिरंजीव "आदरणीय परीक्षक" पाठ करून जातात. पद्माकररावांनी तेच केलं. शनिवार-रविवारी बसून अख्खं सादरीकरण नव्याने लिहिलं. आजी गेली, आलेख आले. खोक्यावरची सोर्बियन ओळही गेली.

"ती का काढली?" हान्काने विचारलं म्हणे.

"वाचणार कोण? बाजाराचा विचार करा," हे म्हणाले, आणि प्रश्नोत्तरंसुद्धा लिहून मुलांकडून पाठ करून घेतली. मुलं बिचारी गप्प बसली. चिप बनवणारा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार?

स्पर्धेला वसुधाबरोबर मीही गेले होते. जाणारच. हान्काने सगळं घडाघडा म्हटलं. पद्माकरराव पहिल्या रांगेत, ओठ हलवत, एक शब्द पुढे. मग परीक्षकांतल्या एका बाईंनी चष्मा वर केला.

"तुम्ही सोर्बियन शाळेतल्या ना? मग खोक्यावर फक्त जर्मन का?"

याचंही उत्तर पाठ होतं. हान्काने सुरुवातही केली, "बाजारपेठेचा विचार करता..." आणि थांबली. मग साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे, हे उत्तर आमच्या पाटेंनी लिहिलंय. मला ते पटलेलं नाही. खरं तर हे सगळंच त्यांनी लिहिलंय."

वसुधाने माझा हात इतका दाबला की माझी बांगडी वाढली.

नंबर आला शेवटून दुसरा. पण त्यापेक्षा पुढचं वाईट. कंपनी खरीखुरी, म्हणून सभाही खरीखुरी. मुलांनी पद्माकररावांना रीतसर बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हात वर करून काढून टाकलं. दरवाज्यापर्यंत पोचवायलाही आली म्हणे, शहाणी पोरं. त्या बुधवारी डबा आला नाही. पुढच्याही नाही. तेव्हा मी वर गेले.

पद्माकरराव सोफ्यावर, आणि स्पीकरवर कोलोनहून ईप्सिता. "पापा, एस वार इयर प्रोयेक्ट," ती सांगत होती. त्यांचं काम होतं ते, तुमचं नव्हे.

"अगं, मदत केली मी! शाळेत तुझं सौरमालेचं मॉडेल कोणी केलं होतं?"

"गेनाऊ," ईप्सिता म्हणाली. म्हणजे, अगदी तेच.

मी चहा घेऊन झाल्यावरच उठले, असल्या वेळी लगेच उठणं बरं दिसत नाही. म्हणून तर पुढचंही मला दिसलं. बेल वाजली, दारात हान्का आणि यूरी. पद्माकरराव असे उठले की चप्पल एकीकडे, पाय दुसरीकडे.

"सभेने पुन्हा विचार केला," हान्का म्हणाली. "आमच्यात ईस्टरला पाटे आपल्या मुलांना अंडी देतो. स्वतः रंगवलेली. तुम्हाला परत यायचं असेल तर आम्हा प्रत्येकाला एकेक अंडं द्या. ईस्टरला बघू आणि मतदान घेऊ."

"एवढंच?" पद्माकरराव म्हणाले.

"कोणाचीही मदत न घेता," यूरी म्हणाला, आणि त्याने प्येर्कोचं एक खोकं टेबलावर ठेवलं. आतलं पत्रक फक्त सोर्बियनमध्ये. मुद्दाम!

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे अंडी सुरू. बुधवारची नव्हे, रोजची. वरून मेणाचा वास आणि मधूनमधून "अरेरे." वसुधाने एकदा सांगून पाहिलं, "अहो, द्या इकडे. रांगोळीचा हात आहे माझा. ठिपके काय, असे टाकते."

"नाही! नियम आहे."

"मग निदान सरळ तरी धरा, कलंडलंय."

"हीसुद्धा मदतच झाली, वसुधा!"

मजा पत्रकाची होती. शब्द अडला की माणूस गॅलरीत येऊन यूरीला फोन लावायचा, आणि माझी गॅलरी बरोबर खाली, तिला मी काय करू? "यूरी, वोस्क म्हणजे मेण का? बरं. आणि येयो? अंडं. अच्छा, अच्छा. हे पीस तिरकं धरायचं की उभं? का?" इतक्या महिन्यांत त्या मुलांना ते पहिल्यांदाच काही विचारत होते. मी श्रीधरना म्हटलं, बघा, यांना प्रश्नचिन्ह येतं. श्रीधर म्हणाले, आधी ऑम्लेट थांबव.

ईस्टरच्या रविवारी चर्चमधून परस्पर सगळी मुलं वर आली. मीही गेले, रिकामे डबे परत करायचे होते. टेबलावर ताटात अंडी मांडलेली. काय सांगू तुम्हाला, एकाचे ठिपके घसरत टोकापर्यंत गेलेले, एकावर अंगठ्याचा अख्खा ठसा, एक सूर्य चौकोनी. बाहेर कोणी फुकट घेतली नसती. पद्माकरराव ताटामागे उभे, हात मागे बांधलेले, बोटं निळी. त्यांना असं मी प्रथमच पाहिलं.

हान्काने एकेक उचलून उजेडात धरलं. "हे सगळं तुम्हीच केलं?"

"मीच."

"दिसतंय," यूरी म्हणाला, आणि सगळी फुटली हसायला. पद्माकररावही हसले, पण जरा उशिरा.

"पत्रकात काय चुकलंय आमचं?" हान्काने विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. उत्तर आलं होतं, मला दिसलं ते ओठांवर. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "मी कुठे कुठे अडलो ते सांगतो. काय बदलायचं ते तुम्ही ठरवा."

मतदान तिथेच, दिवाणखान्यात झालं. सगळ्यांचे हात वर, यूरीचा सोडून. तो तटस्थ राहिला, कारण त्याच्या वाट्याला चौकोनी सूर्य आला होता. नंतर वसुधाच्या श्रीखंडाची तिसरी वाटी घेताना त्याने मत बदलायची तयारी दाखवली, पण हान्का म्हणाली की सभा संपली.

पुढच्या वर्षी खोकं बदललं. पत्रक लहान झालं, चित्रं वाढली, यूरीची आजी परत आली. वर सोर्बियन, खाली जर्मन. स्पर्धेत प्येर्कोचा नंबर तिसरा आला आणि पद्माकरराव शेवटच्या रांगेत बसले होते, तोंडात मुद्दाम पेपरमिंट ठेवून.

एका बुधवारी डबा द्यायला आले तेव्हा फार खुशीत दिसले. मी विचारलं, काय विशेष?

"वहिनी, आज मी सभेत सूचना मांडली. जर्मनच्या खाली एक मराठी ओळ टाकावी. ईप्सितालाही वाचायला होईल."

"मग?"

"फेटाळली की! एकमताने," असं म्हणून त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि गुणगुणत जिना चढून गेले.