जळिताचे नकाशे

तळेगावच्या (श्यामजी पंत) पलीकडच्या जंगलात मी नाकेदार म्हणून रुजू झालो तेव्हा आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि माझं वय तेवीस होतं. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. मी शहराला लागून असलेल्या नालवाडीत वाढलेला. साग आणि पळस एवढी दोनच झाडं मला खात्रीनं ओळखता यायची.

आमचे रेंजर कडक होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा आणि लाल पेन्सिल माझ्या हातात ठेवली.

"वणवा विझला की जळिताच्या काठाकाठानं चालायचं," ते म्हणाले. "राख संपते तिथं खूण करायची. टेकडीवर बसून अंदाजे काढाल तर तो नकाशा नाही, चित्र झालं. दरसाल नव्या कापडावर असं करा. चार-पाच वर्षांनी जंगलच सांगेल काय चाललंय ते."

हे काम जुलमाचं वाटलं. पण त्या चालण्यानंच मला जंगल शिकवलं, म्हणून आज त्यांचे उपकार मानतो.

चैत्र लागला तसे वणवे सुरू झाले. काठानं चालताना लक्षात आलं, बहुतेक जळीत मोहाच्या झाडाखालून निघालेलं असायचं. मी तडक जवळच्या गोंडांच्या वस्तीवर गेलो. तिथली साठीतली एक बाई मोहफुलं वेचण्यात सगळ्यांत पुढे होती. नवरा वारलेला, मुलगी सासरी. मी तिलाच गाठलं.

"मोहाखाली आग कोण लावते?"

"आमीच लावतो," ती सरळ म्हणाली. "पाल्यात फूल दिसत नाई, नाकेदारसाहेब. पाला जाळला का जागा साफ होते. आग तेवढीच राह्यते. कधी कधी वारा घेऊन जाते."

"पुन्हा दिसली तर केस करीन," मी म्हणालो. ती टोपली उचलून निघून गेली.

त्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, भर दुपारी, नाल्याच्या वरच्या अंगाला धूर दिसला. जवळ माणूस नव्हतं. मी एकटाच पळसाची फांदी तोडून आग झोडपायला लागलो. थोडा वेळ वाटलं, जमतंय. मग वारा फिरला. समोरची आग डावीकडे आली, मागच्या गवतानं पेट घेतला, आणि कुठं पळावं तेच कळेना. छातीत धूर भरला होता. मी नाल्याकडे पळत सुटलो. तिथंच गवत सगळ्यांत उंच होतं, हे ध्यानातच आलं नाही.

"तिकडे कायले जातं! इकडे ये, जयल्या जागेवर ये!"

ती बाई उजवीकडच्या मोहांखाली उभी राहून हात हालवत होती. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. जयली जागा म्हणजे जळलेली जागा. तिनं पाच-सहा मोहांखालचा पाला आदल्याच दिवशी जाळला होता. एखादं खळं मावेल एवढी काळी जमीन. मी धडपडत तिथं पोचलो. तिनं मला खाली बसवलं, भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पदरावर ओतून तो माझ्या तोंडावर धरला.

"इथं कायले येते आता आग? खायाले काई ठेवलंच नाई तिले."

आग दोन्ही बाजूंनी आम्हाला वळसा घालून गेली. ज्या राखेवर मी बसलो होतो, तिच्याचसाठी मी केस करणार होतो. मला रडू फुटलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवसापासून तिचं 'नाकेदारसाहेब' सुटलं. मी तिचा बाबू झालो, ती माझी माय.

रेंजरांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिलाच विचारा, पाला न जाळता काय करता येईल."

मी विचारलं. "झाडू मारता येते," ती म्हणाली. "पण मी एकली, मोहं वीस. हात आणून दे."

पुढच्या फाल्गुनात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करणारे मजूर रेंजरांच्या परवानगीनं आधी मोहांखाली गेले. वस्तीतल्या बाया खराटे घेऊन आल्या. मीही झाडलं. गोळा झालेला पाला उघड्या जाळरेषेवर नेऊन, सकाळच्या गारव्यात, सगळ्यांसमोर जाळला.

त्या वर्षी लाल पेन्सिल कमी झिजली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. मी खूश होतो. चौथ्या वर्षी मात्र जळीत एकदम वाढलं.

"मागची दोन वर्षं कमी दाखवलंत का?" रेंजरांनी विचारलं. मला फार लागलं. तेही त्यांना माझ्या तोंडावरून समजलं असावं. "चला, चालू या," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याबरोबर काठानं हिंडले. वाटेत माय भेटली. तिनं कोडं सोडवलं.

"औंदा गारपीट झाली, बाबू. फूलच आलं नाई. फूल नाई तं पाला झाडाले कोण येते? पाला तसाच पडून राह्यला, मंग कोनाची बिडी पडली तरी पेटते."

कचेरीत आल्यावर रेंजरांनी चारही वर्षांची कापडं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. उजेडात सगळी जळितं एकदम दिसली. कुठे लाल रंग गडद होता, कुठे फिका. वस्तीभोवतीचा एक पट्टा मात्र पहिल्या वर्षानंतर फक्त एकदाच, या चौथ्या वर्षी, रंगला होता.

"एका वर्षावर काही ठरवू नये," ते म्हणाले. "मी घाई केली." साहेबानं नाकेदाराजवळ असं बोलणं त्या काळी मोठं होतं.

त्यांनी मायला बोलावून कापड दाखवलं. तिनं नकाशा कधी पाहिला नव्हता. मी बोट ठेवून वस्ती दाखवली, टेकडी दाखवली. ती वाकून बघत राहिली, मग म्हणाली, "नाला इकडून नाई जात. मोहाच्या मांगून जाते." दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. तिचंच बरोबर होतं.

त्यापुढं फूल कमी येवो की जास्त, आम्ही पाला झाडायचाच असं ठरलं. जळीत पुन्हा उतरलं. पूर्ण थांबलं नाही कधीच, पण उतरलं. जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि काही काळानं माझी बदली झाली. चार्ज द्यायच्या दिवशी मी नव्या नाकेदाराला आधी मायकडे नेलं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मोहाचं फूल मालूम हाय का तुले?"

तो ओशाळून नाही म्हणाला.

"मंग बस इथं," ती म्हणाली, आणि सुपातली मूठभर फुलं त्याच्या ओंजळीत टाकली.