मावशींचा विलायती खासदार

शनिवारी दुपारचा फोन म्हणजे मिलिंदच, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "बोला खासदारसाहेब, झोप झाली का?" पलीकडे त्याची मुलगी होती. "काका, बाबा गेले..." त्या थट्टेची लाज अजून जात नाही, पण त्याला ती आवडली असती.

आम्ही दोघं कासारवाडीचे, आयटीआयपासूनचे सोबती. मी चिंचवडच्या एका कारखान्याला चिकटलो. तो इंग्लंडला गेला, तिथल्या कामगार संघटनेत रमला, नगरसेवक झाला आणि दोनदा सपाटून पडून तिसऱ्यांदा पार्लमेंटात पोचला. तिकडचे खासदार ठरल्या दिवशी मतदारसंघात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. मिलिंदला त्याचं व्यसनच जडलं. सुट्टीवर आला तरी शनिवारी आमच्या इमारतीखालच्या बाकावर वही घेऊन बसायचा आणि वहिनी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

तिथेच एकदा सगुणामावशी आल्या. शेजारच्या गल्लीतली त्यांच्याच नावाची बाई वारली आणि मतदार यादीतून नाव कापलं गेलं यांचं. मिलिंद म्हणाला, "मावशी, मी इथला खासदार नाही."

"इथला येत न्हाई म्हणून तर तुझ्याकडं आले," मावशी म्हणाल्या. "मालक गेले, पोरं चिखलीला ऱ्हायला गेली. आता मत तेवढं माझं एकटीचं हाय. त्येबी न्यायचं व्हय?"

झालं, स्वारी निघाली कचेरीत. मी म्हटलं, "राव, तुझं ओळखपत्र दाखव, साहेब खुर्ची देतील." तो म्हणाला, "मावशींकडे ओळखपत्र आहे, तरी त्या मयत. माझ्या ओळखपत्रानं काय होणार?" आणि रांगेत उभा राहिला. दोन तासांनी खिडकीतून उत्तर आलं, बाई हयात असल्याचा दाखला आणा. बाई कमरेवर हात ठेवून समोरच उभ्या होत्या. मिलिंद हसून हसून भिंतीला टेकला, मग तिथेच बसून त्यानं अर्ज लिहिला आणि पोच घेतली.

तो परत गेला आणि पाठपुरावा माझ्या गळ्यात पडला. दर शनिवारी विचारणा. मी कंटाळून थापा मारायचो, तो त्या पकडायचा. मागच्या निवडणुकीत तो हरला. सांत्वन कसं करावं याची जुळवाजुळव करत मी फोन लावला, तर यानंच विचारलं, "मावशींचं नाव आलं का रे?" मला तेव्हा रडूच आलं.

नाव आलं, पण तो गेल्यावर बारा दिवसांनी. हल्ली शनिवारी त्या बाकावर मीच बसतो, लोक येतात. गेल्या शनिवारी नवी मतदार यादी घेऊन बसलो होतो, मावशींनी आपलं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "मिलिंदाचं असंल का रं तिकडच्या यादीत अजून?"

"आता काढतील, मावशी. मयत म्हणून."

मावशींनी यादीची घडी घातली. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "मलाबी मयतच लिवलं व्हतं की. तू अर्ज लिव्ह."