बघून राहिलो

मी मूळचा हदगावचा. नांदेडात राहून केस पिकले, पण तोंडातलं 'करून राहिलो' काही गेलं नाही. परगावच्या माणसांसमोर मी अगदी शुद्ध बोलतो, म्हणजे पहिली दोन वाक्यं. तिसऱ्याला घसरतो. या घसरण्यानं आजवर लोकांची करमणूकच झाली होती. घात एकदाच झाला, तो असा.

मी घरी बसून प्रोग्राम लिहितो. पोटापाण्याचं काम वेगळं, पण हौस म्हणून आम्ही काही जणांनी एक साधन तयार केलंय, कुणीही फुकट वापरावं असं. ते खोट्या डिस्क बनवतं. खोटी डिस्क म्हणजे असते साधी फाइलच, पण तिनं अख्ख्या डिस्कचं सोंग घेतलेलं असतं. संगणक तिच्यात लिहितो, तिच्यातून वाचतो, त्याला पत्ताही लागत नाही. लहानपणी गावच्या नाटकात मी राणी झालो होतो आणि माझ्या सख्ख्या मामानं मला ओळखलं नव्हतं. तेव्हापासून असल्या सोंगांवर माझा फार जीव.

या साधनात कुणी बदल सुचवला की दुसऱ्या कुणीतरी तो ओळ न ओळ तपासायचा आणि पसंत पडला तरच आत घ्यायचा, अशी आमची रीत. मी तपासतो ते मोठ्यानं वाचून, वेगवेगळ्या आवाजांत. कोडमधल्या अटी दरडावून, चुकांचे इशारे रडव्या सुरात. बायको म्हणते, "शेजारी विचारायलेत, घरात पाव्हणे आलेत का म्हणून."

तो बदल पाठवला होता लातूरच्या एका मॅडमनी. कोकणातून लग्न होऊन लातूरला आलेल्या, तिथल्या एका कॉलेजात नुकत्याच लागलेल्या, आणि त्याही कंत्राटावर. प्रात्यक्षिक परीक्षा पहिल्यांदाच त्यांच्या एकटीच्या हाती दिली होती. ती नीट पार पडली तर पुढच्या वर्षी ठेवून घेऊ, असं प्राचार्य म्हणाले होते. तेव्हा परीक्षा मुलांची, पण पास व्हायचं होतं मॅडमना.

प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रांत जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी आमच्या साधनात स्वतःच एक सोय लिहिली. डिस्कमधला नुसत्या शून्यांनी भरलेला भाग हुडकायचा आणि काढून टाकायचा, म्हणजे फाइल सडसडीत होते. कोड इतका देखणा की मी तो राणीच्या आवाजात वाचायला घेतला.

मध्येच मॅडमचा मेसेज आला, "सर, बघितलंत का? परवा परीक्षा आहे."

मी लिहिलं, "बघून राहिलो. ठीक वाटून राहिलं."

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बघतोय, आत्तापर्यंत तरी ठीक वाटतंय. लातूरकर हेच 'बघायलो' असं म्हणतात. मॅडमनी लातूरला आल्यावर 'बघायलो', 'करायलो' कष्टानं शिकून घेतलं होतं. आमचं 'राहिलो' त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्यांनी अर्थ लावला, बघून झालं, आता थांबलो, ठीक वाटलं. त्यांनी लिहिलं, "धन्यवाद सर." मी मनात म्हटलं, काय ही नम्रता, काम व्हायच्या आधीच धन्यवाद.

पुढचा दिवस पोटापाण्यात गेला. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी बदल प्रत्यक्ष चालवून बघायला बसलो. आमच्या डिस्कची आणखी एक खुबी आहे. खाली एक मूळ डिस्क ठेवायची आणि तिच्यावर पारदर्शक कागद पसरावा तशी दुसरी पसरायची. नवीन लिहाल ते वरच्या कागदावर उमटतं, खालचं तसंच दिसत राहतं. खालचं काही झाकायचं असेल तर वर त्या जागी पांढरी चिठ्ठी डकवायची. शून्यं म्हणजे ती चिठ्ठी.

मी खालच्या डिस्कवर एक वाक्य लिहिलं, "आजचं उप्पीट कच्चं राहिलं." वर शून्यांची चिठ्ठी डकवली, वाक्य गायब. मग मॅडमचा बदल चालवला. फाइल झर्रकन बारीक झाली. मी खूश होऊन बायकोला हाक मारली, "ये, जादू दाखवतो."

ती चष्मा लावून वाकली आणि तिनं शांतपणे वाचलं, "आजचं उप्पीट कच्चं राहिलं."

"हे दाखवायला बोलावलंत?"

"न्हाई, अगं, हे तर मी पुसलं होतं."

"पुसलं म्हणजे लिहिलं तर होतं."

पण माझं लक्ष आता उप्पिटावर नव्हतं. बदलानं चिठ्ठ्या रिकामी जागा समजून उपटून टाकल्या होत्या. एसटीत सीटवर रुमाल टाकलेला असतो तेव्हा तिथं कुणी बसलेलं नसतं, पण सीट रिकामीही नसते. हे नांदेड-लातूर गाडीतल्या कुठल्याही माणसाला कळतं. त्या कोडला कळलं नव्हतं.

मॅडमनी परीक्षेची डिस्क कशी बनवली ते मला आधी कळवलं होतं. खाली त्यांच्या स्वतःच्या तयारीची डिस्क, प्रत्येक प्रश्नाखाली सोडवून ठेवलेलं उत्तर. वर परीक्षेचा कागद, उत्तरांच्या जागी शून्यं. उत्तरं नुसती खोडली तर मुलं ती हुडकून काढतील म्हणून नीट शून्यं भरली होती, बाई फार काटेकोर. आणि ते 'धन्यवाद सर' मला आत्ता कुठं ऐकू आलं. माझा होकार समजून त्यांनी तीच डिस्क या बदलानं बारीक करून यंत्रांवर चढवलीही असणार.

परीक्षा सुरू झालेली होती. मॅडमचा फोन बंद. कॉलेजच्या कचेरीत लावला तर क्लार्कनं उचलला.

"मॅडम परीक्षेत हायत. आत फोन चालत न्हाई."

"त्यांना एवढंच सांगा, उत्तरं वर येऊन राहिली."

"वर कशाला येतील? परीक्षा खाली हाय, तळमजल्याला."

"तसं वर नाही हो. खालची उत्तरं वरच्या कागदावर..."

"सायेब, कागद न्हाई, कॉम्प्युटरवर हाय परीक्षा."

"बरं, मला एकदा आतल्या कुणाशी बोलू द्या."

"बाहेरगावचे परीक्षक बसलेत. पेपर सुटल्यावर निरोप देतो. काय लिहू, उत्तरं वर आली?"

"लिहा."

बायको म्हणाली, "गाडी काढा." पण लातूरला पोचेपर्यंत उत्तरं लिहून, तपासून, मुलं चहा प्यायला गेली असती. मग मी काय केलं? बसून परीक्षण पूर्ण केलं. चूक कुठल्या ओळीत आहे, का होते, दुरुस्त कशी करायची, सगळं सविस्तर, शुद्ध मराठीत लिहिलं. उभ्या आयुष्यात इतकं चांगलं परीक्षण माझ्या हातून झालं नव्हतं, आणि ते वाचायला कुणी मोकळं नव्हतं.

दुपारी मॅडमचा फोन आला. आवाज सपाट.

"सर, पहिला अर्धा तास मला इतकं बरं वाटलं. काय शांत बसलीयेत मुलं, म्हटलं. कुणी मान वर करेना."

"मग?"

"मी एका उत्तरात स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, 'इथे गोची आहे, नंतर बघ.' तेही सगळ्यांनी जसंच्या तसं उतरवलं. परीक्षक म्हणाले, मॅडम, तुमच्या सगळ्याच मुलांना नंतर बघायचंय."

मला हसू आलं. ते मी गिळलं, आणि पुढचं ऐकल्यावर ते उरलंही नाही. परीक्षा रद्द झाली होती. नव्यानं घ्यायची, पण ती यांच्या हाती द्यायची की नाही ते ठरायचं होतं.

"पण सर, तुम्ही लिहिलं होतंत ना, बघून राहिलो?"

"म्हणजे बघतोय. चालू आहे."

"मग एखादं काम राहिलं म्हणजे?"

"ते राहिलं म्हणजे राहिलं."



मी प्राचार्यांना फोन करून चूक साधनाची आहे असं सांगितलं. त्यांनी अदबीनं ऐकलं आणि विचारलं, "तो बदल लिहिला कुणी?"

मॅडमनी दुरुस्त केलेला बदल चार दिवसांत पाठवला. मी तो तीनदा चालवला, उप्पिटाचं वाक्य एकदाही वर आलं नाही, आणि मगच लिहिलं, "बघून झालं. पसंत आहे." नंतर भीत भीत विचारलं, "नोकरीचं काय म्हणतात प्राचार्य?"

त्यांचं उत्तर आलं, "म्हणाले, विचार करायलो. याचा अर्थ मला कळतो, सर."