बर्फ आणि पंधरा दिवसांची रजा

लग्नाआधी हिमालयातल्या औलीच्या बर्फावरच्या शर्यतीत मी चौथी आले होते. पाच किलोमीटर, पायांत लांब, अरुंद स्की, आणि चढ असो की उतार, सगळा आपल्याच दमावर. पहिल्या तिघींना परदेशातल्या शर्यतीला पाठवलं, चौथीला टाळ्या मिळाल्या. त्या एका नंबराने मला पुढे कित्येक वर्षं सुखाने जगू दिलं नाही. एकदा तरी पहिल्या तिघींत यायचं, एवढंच डोक्यात होतं.

आणि लग्न होऊन आले कुठे, तर दुबईपलीकडच्या खोर फक्कानला! नव्वदीची शेवटची वर्षं. नवरा कंटेनर बंदरात, मी एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात. समोर समुद्र, मागे उघडेबोडके डोंगर, आणि बर्फ म्हणाल तर मासळीच्या पेटीत.

बंदराला लागलेल्या एका जहाजावरच्या नॉर्वेजियन इंजिनिअरने त्याची जुनी रोलर स्की, म्हणजे चाकं लावलेल्या पट्ट्या, मला देऊन टाकल्या. त्या पायांत अडकवून, हातात दोन काठ्या घेऊन मी पहाटे समुद्राकडेच्या रस्त्याने निघायचे. रात्रपाळी संपवून परतणारे आपले रत्नागिरीकडचे लोक हमखास थांबायचे.

“वहिनी, काठ्या कशाला? कुत्री मागे लागतात काय?”

“लागतात. दोन पायांची,” असं म्हणून मी पुढे सटकायचे. ते बिचारे हसायचे, मी मात्र दिवसभर धुमसत राहायचे. उन्हाळ्यात तर पहाटेही हवा ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटायची. बर्फावरच्या स्कीला मेण लावायचं ते गरम इस्त्रीने, आणि घरात इस्त्री एकच. तिला चिकटलेल्या मेणाने नवऱ्याचे दोन शर्ट कामातून गेले. तो एका शब्दाने बोलला नाही, आणि मला त्याचाही रागच आला.

खरा राग मात्र रजेचा. आमचा मॅनेजर इजिप्तचा. एका वेळी पंधरा दिवसांच्या वर तो कोणालाच सोडत नसे. जास्त मागितले की म्हणायचा, “इन्शाल्ला,” आणि फाइलमध्ये डोकं घालायचा. दुबईहून दिल्ली, तिथून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची बस, जाण्यायेण्यातच चार दिवस खलास. त्यात बर्फ काय आमच्या ऑफिसला विचारून पडतो? पहिल्या वर्षी पडलाच नाही. मी कोरड्या उतारांकडे बघत बसले आणि परत आले. मागून बर्फ पडला आणि आठवड्याने शर्यत झाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, शर्यत पुढे ढकलली आणि माझं तिकीट काही ढकलता येईना. ऑफिसात कोणी विचारलं की मी ठणकावून सांगायचे, “रजा मिळाली असती ना, तर दाखवलं असतं.” नवराही सगळ्यांना तेच सांगायचा.

तिसऱ्या वर्षी रजा संपायला दोन दिवस उरले आणि बर्फ पडायला लागला. शर्यत जाहीर झाली ती माझ्या विमानाच्या नंतरची. मी तणतणत एसटीडी बूथ गाठला आणि भांडायच्याच तयारीने मॅनेजरला फोन लावला. माझं निम्मंही बोलून झालं नव्हतं.

“यल्ला, थांब तिथेच,” तो म्हणाला. “महिनाभर थांब. तुझं काम मी बघतो.”

मी भांडणाची तयारी गुंडाळून फोन ठेवला. तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात, ते मिळाले. बर्फ उत्तम होता. झोप चांगली झाली, पोट ठीक होतं, मेण बरोबर बसलं होतं.

स्कीच्या शर्यतीत अर्ध्या अर्ध्या मिनिटाने एकेकीला सोडतात. मागून येणारी “ट्रॅक” म्हणाली की पुढचीने कोरलेली वाट सोडून बाजूला व्हायचं, असा नियम. पहिल्याच चढावर मागून आवाज आला, “ट्रॅक, दीदी.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा आला. बाजूला झाले. तिथलीच पहाडातली मुलगी, मी चौथी आले तेव्हा प्राथमिक शाळेत असेल. मग दुसरी आली, मग तिसरी. पुढे पुढे तर मी हाक यायच्या आधीच बाजूला होऊ लागले. दम लागला होता, पण दुखत काहीच नव्हतं. सगळी ताकद लावली होती, ती एवढीच होती.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला.

“कितवी आलीस?”

“शेवटून दुसरी. शेवटचीची काठी मोडली होती.”

मग त्याने नेहमीचंच सुरू केलं. “अगं, जाऊ दे. रजा जरा जास्त मिळाली असती, तर...”

“मिळाली होती रे,” मी म्हटलं.